भूत जाते म्हणेना

९ जानेवारी, गुरुवार

भार्गवी गेली!

दुपारी फोन ठेवला आणि मी एवढंच ओरडले. आई पिठाचे हात घेऊन तशीच पळत बाहेर आली — "कोण गेलं? कधी?" अगं, पिक्चरमधून गेली! मग मलाच बोलणी बसली. "असं बोलतात होय? भार्गवी येणार नाही म्हणून सांगावं."

बरं. भार्गवी येणार नाही. माझी सख्खी मावसबहीण, सहा महिन्यांपूर्वी कबूल झालेलं माझं भूत. तिचं लग्न जुळायलंय गदगला. मावशीचं म्हणणं, सासरच्यांनी मोबाईलवर सुनेला केस मोकळे सोडून फिरताना बघितलं तर? मी म्हटलं, मावशी, लग्नानंतर रोज बघणारच आहेत की. तिनं फोन ठेवला.

नऊ दिवसांवर शूटिंग. सात मार्चला पिक्चर कॉलेजच्या डिपार्टमेंटमध्ये दिला नाही तर मी सलग दुसऱ्यांदा नापास. गेल्या वर्षी सगळं शूटिंग एका हार्ड डिस्कवर होतं, ती मेली, आणि कॉपी ठेवली नव्हती. माझीच चूक, शंभर वेळा कबूल. पण अप्पांनी ह्या खेपेला स्वच्छ सांगितलंय — "एवढं वर्ष बघू मेधा. नाही जमलं तर बी.एड." नुसतं सांगितलं नाही, फॉर्म आणून देवघराच्या खणात ठेवलाय. काडेपेटी काढायला गेलं की पहिला तोच हाताला लागतो.

मला मास्तरीण व्हायचं नाही. मला पिक्चर करायचेत. आणि त्यासाठी आत्ता एक भूत पाहिजे.

११ जानेवारी, शनिवार

भूत मिळालं!! समोरच राहत होतं!

साधना हुबळीहून धारवाडला तालमीला आली होती. ती आमची हिरोईन, हिच्या घरात भूत येतं. गच्चीवर तिच्याकडून किंचाळायची प्रॅक्टिस करून घेत होते. सहाव्या किंकाळीला अंबूताई वर हजर. समोरच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात, एकट्याच. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. आमच्या आईलासुद्धा त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे आई अजून त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही. एकाहत्तर वर्षं वय आणि आवाज असा की आमच्या अख्ख्या मळमड्डीतली कुत्री गप्प होतात.

मला वाटलं, आता तक्रार. पण बाई साधनासमोर उभ्या राहिल्या. "डोळे कशाला वटारतेस? भ्यालेला माणूस डोळे मिटून घेतो. बघ हं." आणि अशी एक किंकाळी दिली की खाली रस्त्यावर रिक्षा थांबली! रिक्षावाला मान वर करून, "एन आत्रि?" काय झालं म्हणून. अंबूताई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "एनू इल्लप्पा, नडी." काही नाही, चल.

मी तिथल्या तिथं पाय धरले.

त्यांनी आधी गोष्ट ऐकून घेतली. एक मुलगी नवनगरात घर भाड्यानं घेते. स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरणीची चिनी मातीची बरणी राहिलेली असते. रोज तिन्हीसांजेला तिचं झाकण वाजतं. ती भाडेकरीण मेलीय, पण जीव बरणीत अडकलाय. शेवटी मुलगी भीती सोडून दोन्ही हातांनी बरणी तिला देते, भूत "जाते" म्हणतं आणि निघून जातं. बारा मिनिटं. पिक्चरचं नाव 'बरणी'. भुताला बोलायला तेवढा एकच शब्द.

"एकच? मग पाठांतर काहीच नाही," अंबूताई म्हणाल्या. तोंड जरा पडलंच त्यांचं.

अटी तीन. पांढरी साडी नेसणार नाही, स्वतःची हिरवी इरकल नेसणार. नऊला झोपतात, म्हणून शूटिंग दिवसाच. आणि माझी बरणी त्यांना पसंत नाही. "ही प्लॅस्टिकची? हिच्यात कुणाचा जीव अडकेल गं!" घरून स्वतःची घेऊन आल्या. पांढरी, तपकिरी गळ्याची, आत अजून लिंबाच्या लोणच्याचा वास.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळ्या गल्लीला तिळगूळ दिला. भार्गवीला पाठवला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पहिला दिवस! आणि पहिला बट्ट्याबोळ!

घर श्रीहर्षच्या काकांचं. श्रीहर्ष माझा वर्गमित्र, कॅमेरा त्याच्याकडे. काकांचं नाव प्रभंजन, माणूस देवमाणूस. नवनगरातलं हे घर विकायचंय म्हणून रिकामं पडलंय. धुरानं काळवंडलेल्या भिंती, पोपडे, कोपऱ्यात जाळी. एक रुपया खर्च न करता भुताचं घर!

दुपारी अडीचला आम्ही रात्र केली. खिडक्यांवर जुने फ्लेक्स लावून. बाळाप्पानं हुबळीहून गोळा करून आणले. बाळाप्पा आमचा आवाजवाला, सव्वासहा फूट, बूम, म्हणजे डोक्यावरचा माईक, धरायला काठीसुद्धा लागत नाही. अंधार झकास झाला. अंबूताई साधनाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, साधनानं शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून किंकाळी मारली, आमच्या अंगावर काटा! "कट!" सगळे खूष.

घरी येऊन बघते तर आरशात भुताच्या डोक्यावर एक गोरागोमटा इसम हात जोडून हसतोय. फ्लेक्सवरचा! खाली कन्नडमध्ये वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. अकराच्या अकरा शॉटमध्ये!!

उद्या पुन्हा. फ्लेक्स उलटे लावून.

१९ जानेवारी, रविवार

झालं सगळं. उलटे फ्लेक्स, सुलटं भूत. अंबूताई मात्र कुरकुरल्या. "सारखं काय गं वन मोर, वन मोर? पहिल्यांदाच नीट बघावं." बरोबरच आहे.

कॉप्या तीन ठेवल्यात. एक आईच्या तांदळाच्या डब्यात.

२५ जानेवारी, शनिवार

मी रडतेय. खरोखर रडतेय, शाई फिसकटलीय.

सकाळी नवनगरला गेलो, श्रीहर्षनं कुलूप काढलं आणि आत — पिस्ता रंग! सगळं घर पिस्ता! चकचकीत! प्रभंजनकाका मागून हसत आले. "पोरं सिनेमा काढायलीत, घर जरा बरं दिसू दे म्हटलं. चार माणसं लावून तीन दिवसांत उडवलं." वर आम्हाला पेढे.

पाया पडून पेढा खाल्ला.

अर्धा पिक्चर काळ्या भिंतींचा, अर्धा पिस्ता. श्रीहर्ष म्हणाला, दुसरं घर बघू. कुठलं? साधनाला फक्त शनिवार-रविवार, अंबूताईंचा गुडघा सुजलेला, हातात सहा आठवडे. घरी अप्पांनी विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, मस्त. आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

२६ जानेवारी, रविवार

बाळाप्पा झिंदाबाद!!

काल मी सामान आवरायला सांगितलं होतं. आज त्यानं स्वयंपाकघरातलं लोखंडी कपाट एकट्यानं सरकवलं आणि नुसता ओरडला, "यव्वा!" म्हणजे आई गं! आम्ही धावलो. रंगवाल्यांनी कपाट हलवलंच नव्हतं! मागे जुनी भिंत जशीच्या तशी. पिस्ता भिंतीत कपाटाच्या आकाराचा काळा चौकोन. दारच जणू!

मग एकदम चौघेही बोलायला लागलो.

आता गोष्ट अशी: मुलगी घराला रंग देते. जुनं सगळं पुसून टाकते. पण कपाट सरकवलं की मागे हे. आणि भूत येणार ते त्याच्यातूनच. आधीच्यापेक्षा दसपट भारी! प्रभंजनकाकांना श्रेयनामावलीत रंगसंगती म्हणून टाकायचं ठरलं.

२ फेब्रुवारी, रविवार

भूत भिंतीतून आलं. अंबूताई मोजे घालून चालल्या, म्हणजे पावलांचा आवाज नाही. शेजारच्या कुकरनं तीन टेक खाल्ले. चौथ्याला श्रीनिधीदादाचा फोन — त्यांचा मुलगा, बडोद्याला असतो — भूत भिंतीतच उभं राहून म्हणतं, "नंतर बोलते रे, मी मेलेली आहे आत्ता."

बाईंना सध्या साफसफाईचं वेड लागलंय. स्कूटर विकली. गुडघा नको म्हणतो. नकाशे आणि पुस्तकं सुभाष रोडच्या जुन्या पुस्तकवाल्याला दिली. माझ्या सेटसाठी पितळी समई, खलबत्ता, ताकाची रवी — मागेल ते देतात, वर म्हणतात, "परत आणायची घाई नको." असा प्रॉपर्टीवाला, म्हणजे सेटवरचं सामान पुरवणारा, कुठल्या डायरेक्टरला मिळतो!

८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा शॉट. एक शब्द.

साधना बरणी देते. अंबूताई बरणी छातीशी धरतात, दारात वळतात, साधनाकडे बघतात. काय बघतात! आणि म्हणतात —

"येते."

कट! अंबूताई, जाते. "हो हो, जाते. लक्षात आहे." टेक दोन. येते. टेक तीन. येते हं! टेक सातला साधनाला हसू फुटलं, टेक नऊला बाळाप्पाच्या हातातली बूम हलायला लागली. बाराव्याला मी पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरात 'जाते' लिहून कॅमेऱ्याखाली धरली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली, वळल्या. "येते."

तोंडात बसलंय. बसणारच. घरातून निघताना आपण कोण जाते म्हणतं? मीसुद्धा कधी म्हटलं नाही, लिहिताना डोक्यातच आलं नाही. बाळाप्पा म्हणाला, "कन्नडात तरी काय वेगळं? होगि बर्तीनि. जाऊन येते. नुसतं होगतीनि म्हणून बघ, आमची अव्वा चप्पल काढते."

सतरा टेक. शेवटी अंबूताईंनी बरणी ओट्यावर ठेवली. "मेधे, मी चुकत नाहीये. मला म्हणायचं नाहीये."

९ फेब्रुवारी, रविवार

फार वाईट बोलले मी आज.

सकाळी त्यांच्याकडे गेले, समजावलं. नुसता शब्द आहे, भूत म्हणतंय, तुम्ही नाही. डिपार्टमेंटच्या गाईड सरांनी शेवट पास केलाय, भूत गेलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट सुटत नाही. त्या चहा गाळत राहिल्या. "दुसरं काही सांग. पुन्हा भिंतीतून येते हवं तर."

मग माझा तोल गेला. "तुमच्या एका शब्दापायी माझं वर्ष जाणार. तुमचं काय, तुम्हाला कुठं जायचंय!"

त्या गाळणी धरून तशाच उभ्या राहिल्या. मी चहा न घेता आले. येते सुद्धा म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठीक आहे, आवाज दुसऱ्याचा घालू. साधनाला सांगितलं. ती मोबाईलवर 'जाते' रेकॉर्ड करून पाठवणार होती. पाठवलं नाही. "अगं, आज्जी दवाखान्यात आहे, आत्ता नको ना." भार्गवीला विचारायचा प्रश्नच नाही, लग्नघर.

म्हणून मीच. खोलीचं दार लावून, पांघरुणात शिरून, म्हातारीच्या आवाजात, "जाते... जाऽऽते..." सहाव्यांदा म्हणतेय तोवर दार धाडकन उघडलं. आई, हातात उलथनं. "भरल्या घरात गुरुवारी संध्याकाळी जाते जाते काय लावलंयस!"

ऐकून बघितलं. शेळीसारखा आवाज आलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले एकदाची. दारातच कान धरले. अंबूताई म्हणाल्या, "आत ये, चहा गार होतोय." जणू गेल्या रविवारपासून तोच कप वाट बघत होता.

मी म्हटलं, चुकले. त्या म्हणाल्या, "चुकलीस." शिक्षिकाच ती.

मग सांगितलं. शाळा सुटली की फाटकाशी उभ्या राहायच्या. एकेक मुलगी "येते बाई" म्हणून बाहेर पडायची. जी जाते म्हणेल तिला परत वर्गात नेऊन बसवायच्या, पाच मिनिटं. "तुझी आई दोनदा बसलीय." चौतीस वर्षं! म्हणजे अर्ध्या धारवाडच्या बायका ह्यांनीच बिघडवल्यात आणि मला जाते म्हणणारी मिळत नाहीये!

"मी काही भीत नाही त्या शब्दाला," त्या म्हणाल्या. "पण खोटं खोटं नाही म्हणवत गं. जाते म्हणायचं तर खरंच जायचं असावं लागतं."

हट्टी आहेत. पण मला फार आवडतात. हे त्यांना कधी सांगितलं नाही, इथं लिहून ठेवते.

शेवट अजून नाहीच. एकोणीस दिवस.

२३ फेब्रुवारी, रविवार

मिळाला!!! शेवट मिळाला!!! आणि तो अप्पांनी दिला, ज्यांनी बी.एड.चा फॉर्म आणलाय त्यांनी!

सकाळी बाहेरच्या खोलीत एडिट करत होते. शेवटी 'जाते' नाहीच म्हणून जागा राखायला टेक बारा तसाच लावून ठेवला होता. अप्पा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे. कधी बघत नाहीत, आज बघत राहिले. साधना बरणी देते. आता सगळं मिटलं असं वाटतं, संगीतसुद्धा थांबतं. अंबूताई दारात वळतात. प्रेमानं बघतात. "येते."

अप्पांच्या बशीत चहा सांडला. "म्हणजे? ती परत येणार?"

मी त्यांच्याकडे बघितलं. अप्पा खरंच घाबरले होते! मी म्हटलं, अप्पा, परत एकदा बघा. "नको," म्हणाले आणि लगेच खुर्ची ओढून बसले.

दीड महिना मी भूत घालवायला धडपडतेय. कशाला? बरणी मिळाली, तरी येते म्हणतेय! आता हिला काय पाहिजे? गाईड सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "काटा आला मेधा. ठेव."

पळत समोर गेले. अंबूताईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "बघ. पहिल्याच टेकला ओके होतं. सतरा वेळा उगीच दमवलंस म्हातारीला."

७ मार्च, शुक्रवार

दिला! चार वाजता, वेळेच्या तासभर आधी. चार कॉप्या. तांदळाच्या डब्यातली काढली नाहीये.

९ मार्च, रविवार

सामान परत करायला निघाले तर अंबूताई घेईनात. समई आईला, इरकल साधनाला ("मी भूत म्हणून नेसले, आता तिला लग्नात नेस म्हणावं"), बरणी मला. मी म्हटलं, अहो, तुम्ही लोणचं कशात घालणार? "तू घाल. लिंबं उन्हात चार दिवस, मग मीठ. विसरू नकोस."

आता मला लोणचं कुठलं यायला! त्याच घालून देतील की जूनमध्ये.

२१ मार्च, शुक्रवार

पास! पास! पास!

डिपार्टमेंटच्या हॉलमध्ये सहा पिक्चर दाखवले, आमचा शेवटचा. अंबूताई पहिल्या रांगेत, नवी साडी, गजरा. त्यांच्या शेजारी प्रभंजनकाका, पिस्ता भिंत दिसली की कोपरानं सगळ्यांना ढोसत होते. "येते" आलं आणि दोनशे जण एकदम किंचाळले. डोळे मिटून! मी मागं वळून बघितलं, खरंच डोळे मिटून!

दिवे लागल्यावर पोरींनी अंबूताईंना वेढा घातला. सेल्फी. एक जण म्हणाली, आज्जी, पुन्हा म्हणा ना. त्यांनी बरणी धरल्यासारखे हात करून म्हटलं, "येते." सगळ्या पुन्हा किंचाळल्या. हसून हसून अंबूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, बराच वेळ पुसत होत्या.

रात्री काडेपेटी काढायला देवघराचा खण उघडला तर अप्पांनी ठेवलेला बी.एड.चा फॉर्म नव्हता.

२ एप्रिल, बुधवार

अंबूताई बडोद्याला गेल्या. श्रीनिधीदादाकडे, कायमच्या. मला काल कळलं. ठरलं होतं डिसेंबरातच, आईला ठाऊक होतं! "सांगू नकोस म्हणाल्या. पोरीचा पिक्चर होऊ दे, पाडवा झाल्यावर निघते म्हणाल्या." स्कूटर, पुस्तकं, समई, बरणी. सगळं माझ्यासमोर चाललं होतं आणि मी प्रॉपर्टी मिळाली म्हणून नाचत होते.

सकाळी टॅक्सी आली. आईनं त्यांच्या हातावर दही घातलं. त्यांनी घरमालकांना किल्ली दिली, माझा गाल ओढला, आत बसल्या, काच खाली केली.

"जाते गं मेधे."

मी टॅक्सीमागं धावले. "चुकलं! अंबूताई, चुकलं! वन मोर!" कोपऱ्यापर्यंत ओरडत गेले. त्यांनी मागच्या काचेतून हात हलवला. टॅक्सी थांबली नाही.